दोन पट्ट्यांमधला सूर

बाजारात सीताफळं आली की माझं डोकं दुखायला लागतं. यात फळाचा काही दोष नाही. दौलताबादच्या रस्त्याला, किल्ल्याच्या पायथ्याशी बायका टोपल्या मांडून बसतात, फळांवर सकाळची कोवळी उन्हं पडलेली असतात, काहींचे डोळे नुकते उघडलेले असतात. हे बघून कुणालाही बरंच वाटेल. मलाही पूर्वी वाटायचं. आता टोपली दिसली की मी आधी फोनकडे बघते. कारण सीताफळांच्या मागोमाग दिगूभाऊंचा फोन येतो, दिगूभाऊंचा फोन म्हणजे नाटक, आणि नाटक म्हणजे माझ्या दिवाळीपासून पुढच्या सगळ्या संध्याकाळींचं वाटोळं.

परवा आलाच. मी गॅसवर दूध ठेवून उभी होते.

"ताई, यंदा पन ओरिजिनल म्युझिक पायजे बरं का," दिगूभाऊ म्हणाले. नमस्कार नाही, चमत्कार नाही.

"मी यंदा नाही करणार," मी म्हणाले.

"बरं. मग सीताफळं कधी आनून देऊ?"

या दोन वाक्यांचा एकमेकांशी काही संबंध नाही असं कुणालाही वाटेल. मला नाही वाटत. मी दिगूभाऊंना ओळखते. मी फोनवर वाद घालत राहिले आणि तेवढ्यात दूध उतू गेलं.

दिगूभाऊ म्हणजे आमचे लेखक आणि दिग्दर्शक. दिवसा चिकलठाण्याच्या एका कारखान्यात सुपरवायझर. दौलताबादच्या अलीकडे घरची शेती, बांधावर सीताफळाची झाडं. माणूस मनानं लोण्यासारखा, पण तालमीला आला की कुणाचं ऐकणार नाही. दर वर्षी एक नाटक लिहायचं, पुंडलिकनगरातली आपल्यासारखीच नोकरदार मंडळी गोळा करायची आणि दिवाळीनंतरच्या हौशी नाट्यस्पर्धेत ते उभं करायचं, हा त्यांचा नेम. आणि मी एका शाळेतली संगीताची बाई. स्वातंत्र्यदिन, प्रजासत्ताक दिन आणि स्नेहसंमेलन सोडलं तर शाळेला माझी आठवण होत नाही. पेटी वाजवते, मुलांकडून प्रार्थना बसवून घेते, आणि काही वर्षांपूर्वी माझी पहिली चाल लावेपर्यंत दुसऱ्यांच्याच चाली वाजवत आले होते. हे मुद्दाम सांगते, कारण त्या सीताफळांच्या दिवसांत माझं काय पणाला लागलं होतं ते त्याशिवाय कळायचं नाही.

त्या वर्षीचं नाटक धरणात गेलेल्या गावाचं होतं. नायिका बऱ्याच वर्षांनी काठावर येते, आणि शेवटच्या प्रसंगात, मंच अंधारलेला असताना, पाण्याखालच्या आपल्या घराला उद्देशून एकटीच गाते. गाणं दिगूभाऊंनीच लिहिलं होतं.

*पाण्याखाली माझं दार, उंबऱ्याशी मासळी*
*कोण लावील सांजवात, वात ओली ओली*

कागद हातात देऊन ते म्हणाले, "याला चाल लावा. ओरिजिनल पायजे. म्हंजी कसं, ऐकल्यावर वाटलं पायजे की हे आपुन कुठंतरी ऐकलंय. पन कुठंच ऐकलेलं नसलं पायजे."

मी कागद पुन्हा वाचला. ते मात्र एक फार सोपी गोष्ट सांगितल्यासारखे खुशीत होते. मला राग आला, आणि घरी जाईपर्यंत तो तसाच राहिला. रागाच्या भरात मी त्यांनीच दिलेली सीताफळं फोडून बासुंदीसाठी गर काढायला बसले. तांदळाच्या डब्यात पिकायला ठेवलेली, अगदी हाताचा भार पडला तरी फुटतील अशी. गर सोडवायचा, बिया बाजूला काढायच्या, पुन्हा गर. दोन्ही हात मनगटापर्यंत चिकट. अशा हातांनी पेटीला शिवणं शक्यच नव्हतं, म्हणून ते शब्द मी नुसतेच तोंडात घोळवत राहिले, आणि बिया अर्ध्याही झाल्या नसतील तोवर चाल आली. कुठून आली ते मला आजही सांगता येत नाही. हात न धुताच मी स्वयंपाकघरात ती पुनःपुन्हा म्हटली, विसरेन या भीतीनं. मग कोपरानं फोन सुरू करून त्यात म्हटली. त्या फोनच्या काचेवरचा सीताफळाचा डाग बरेच दिवस गेला नाही. मला इतका आनंद झाला होता की मी नवऱ्याला हाक मारून ऐकवली. तो म्हणाला, "छान आहे. कुणाची आहे?"

माझी आहे, मी म्हणाले. हे दोन शब्द मी आयुष्यात पहिल्यांदाच म्हणत होते.

चाल एकटीच्या जिवावर उभी राहत नाही, तिला माणसं लागतात. आणि माणसं म्हटली की आली ना पंचाईत. माझ्याकडे दोन होती. क्लॅरिनेटला हबीबभाई आणि ढोलकीला संतोष.

हबीबभाई लग्नाच्या बँडमधले. त्यांची फुंक अशी की ऐकणाऱ्यानं हातातलं काम टाकावं. पण आमची तालीम रंगायला लागते तेव्हाच तुळशीची लग्नं लागतात, आणि तुळशीची लग्नं लागली की माणसांचीही लागतात. म्हणजे प्रत्येक मुहूर्ताच्या दिवशी हबीबभाई गायब. आणि ज्या दिवशी येत, त्या दिवशी वरातीतून थेट येत. अंगात सोनेरी गोंड्यांचा लाल कोट, अत्तराचा वास, खांद्यावर अजून अक्षता. बोटं तर वरातीतच राहिलेली असायची. एका संध्याकाळी नायिकेचा बाप मरतो त्या प्रसंगात त्यांनी अशी काही हरकत घेतली की प्रेताचं काम करणारा माणूस पडल्यापडल्या पाय हलवायला लागला.

"हबीबभाई, माणूस मेलाय," मी म्हणाले.

"माफ करा बाई," ते ओशाळून हसले. "दो घंटे से वही बजा रहा था. हात अपने आप तिकडंच जाते."

संतोषचं झेरॉक्सचं दुकान. ढोलकी शिकला तो भजनी मंडळात, त्यामुळे त्याला संथ चाललेलं काही सहनच होत नाही. प्रसंग कितीही दुःखाचा असो, चार आवर्तनं झाली की लय चढायला लागणार, आणि थोड्या वेळानं सगळे टिपेला. "ताई, रंगत आली पाहिजे ना," असं वर मलाच समजावणार. त्यातून आमच्या शहरातलं पाणी. ते किती दिवसांनी येईल हे ज्याच्या त्याच्या वस्तीवर आणि नशिबावर. तालीम ऐन भरात आली की संतोषच्या खिशातला फोन थरथरायचा. घरून निरोप, पाणी आलं. मग कुणाला काही विचारायचं नाही, सांगायचं नाही. ढोलकी गवसणीत, माणूस दाराबाहेर. त्याच्यामागे पुंडलिकनगरातले आणखी दोघं-तिघं. उरलेले आम्ही एकमेकांकडे बघत बसायचो. नाटकाचं नाव काय, तर पाण्याखाली गेलेलं गाव. आणि नळाला पाणी आलं म्हणून तालीम मोडायची.

चिडचिड म्हणजे काय ते मला त्या हिवाळ्यात कळलं. शाळेत एकेका वर्गात साठ मुलं सांभाळून मी कधी इतकी थकले नव्हते.

आणि या सगळ्यांच्या वर ती मोटर. तालमीसाठी आम्हाला पुंडलिकनगरातल्या एका सोसायटीचा तळमजल्यावरचा हॉल मिळाला होता. फुकट, त्यामुळे तक्रारीला जागा नाही. त्या हॉलच्या भिंतीला लागूनच खालच्या टाकीतलं पाणी गच्चीवर चढवायची मोटर होती. संध्याकाळी लोक कामावरून घरी येणार, त्यांना पाणी लागणार, म्हणून आमची तालीम सुरू व्हायच्या वेळी वॉचमन बटण दाबणार आणि आमची तालीम संपेपर्यंत ती चालणार. घूंऽऽऽ. वर नाही, खाली नाही, एकच एक. भिंतीला हात लावला तर तळव्याला मुंग्या यायच्या. दिगूभाऊ तिच्यावर जितके ओरडले तितके कुठल्याही नटावर ओरडले नसतील. वाक्य अर्धं तोडून भिंतीकडे वळायचे आणि हात जोडून म्हणायचे, "माय, घडीभर थांब की गं." सोसायटीचे अध्यक्ष म्हणाले, वेळ बदलता येणार नाही, तुम्हीच मोठ्यानं बोला. नाटकातली माणसं नदीकाठी भांडल्यासारखी बोलायला लागली ती तेव्हापासून. आणि लाइट गेली तर मोटर बंद पडायची खरी, पण मग हॉलमध्येही अंधार, त्यामुळे तालीमच बंद. शांततेत एकही तालीम आमच्या वाट्याला आली नाही. याचं पुढे काय होणार आहे हे तेव्हा कुणाच्याच डोक्यात आलं नाही.

नायिका होती सुवर्णा. एका रक्ततपासणीच्या लॅबमध्ये कामाला, घरी दोन पोरं, पण गळा असा की मी तिला ऐकताना सगळं माफ करायची. शेवटचं गाणं कसं सुरू करायचं यावर माझं आणि दिगूभाऊंचं कडाक्याचं भांडण झालं. मला आधी पेटीचा सूर हवा होता. ते म्हणाले, "नाय ताई. अंधार, शांतता, आन मग निस्ता गळा. पेटी आली का गेली मजा." तिनं तसं म्हणून दाखवलं आणि मी हट्ट सोडला. कसलाही आधार न घेता ती रोज नेमकी त्याच सुरावर उतरायची. पहिल्या दोन ओळी ती एकटी, मग हबीबभाईंची क्लॅरिनेट हलकेच तिच्या मागे. मी एकदा पेटीवर तिचा सूर शोधायला गेले तर तो सापडेना. पांढरी पाच धरली तर ती वर, काळी चार धरली तर ती खाली.

"बाई, तिचा सूर तुमच्या पेटीत नाहीच," हबीबभाई क्लॅरिनेटचा सांधा जरासा बाहेर ओढत म्हणाले. "दोन पट्ट्यांच्या बीच में है. मैं तो ओढून जमा लेता. तुम्ही काय करणार?"

मी काहीच करणार नव्हते. माझ्याच गाण्याला मी मांडीवर हात ठेवून बसणार होते. मला वाईट वाटलं, पण अभिमानही तितकाच वाटला. मी ज्याला त्याला सांगत सुटले की सुवर्णाच्या गळ्यात सूर जन्मजात आहे, रोज केसाचाही फरक पडत नाही. माझं हे बोलणं सगळ्यांना पटायचं. भिंतीपलीकडे घूंऽऽऽ चालू असायचं.

त्यात दिगूभाऊंचा शब्दांशी खेळ. चाल पक्की बसल्यावर एका संध्याकाळी म्हणाले, "ताई, मासळीच्या जागी सुसर केली तर? जरा भ्या वाटंल." मी पेटीचं झाकण इतक्या जोरात लावलं की ते पुन्हा त्या विषयावर गेले नाहीत. पण गप्प बसलेले दिगूभाऊ हे बोलणाऱ्या दिगूभाऊंपेक्षा जास्त धोक्याचे. संतोष परत एकदा पाण्यासाठी पळाला आणि हबीबभाईंचा एका लग्नातून निरोप आला की नवरदेव घोड्यावरून उतरायलाच तयार नाही, त्या संध्याकाळी दिगूभाऊंनी खिशातून पेनड्राइव्ह काढला. कुठूनतरी उतरवून घेतलेली बासरी होती त्यात. गोड, गुळगुळीत, कुठल्याही दुःखाला चालेल अशी.

"निस्तं सोबत असू द्या," ते माझ्याकडे न बघता म्हणाले. "तुमची मानसं येतील न येतील, स्टेजवर नाय जमलं तर मंग? बटन दाबलं की ही तर वाजनार. आन खरं सांगू का, यंदा नाय जमलं तर पुढल्या साली सगळं पेनड्राइव्हवरच करू. तुमाला बी तरास नाय."

मला रडू आलं. सगळ्यांसमोर आलं, आणि आलं म्हणून आणखी राग आला. त्यांचं चुकत होतं असंही म्हणता येईना. माणसं खरंच येत नव्हती. तरी मी म्हणाले, "दिगूभाऊ, माझ्या चालीच्या जागी ही बासरी वाजली तर मी पेटी उचलून घरी जाईन. मग तुमच्या नाटकाकडे फिरकणार नाही, आणि चालही कधी लावणार नाही." शेवटचं वाक्य माझं मलाही नवीन होतं. पण ते खरं होतं. कोपरानं सुरू केलेल्या त्या फोनमधली ती एकच गोष्ट माझी होती, आणि ती एका बटणाखाली गेली असती तर पुन्हा हात घालायची हिंमत मला झाली नसती.

आपण हे का करतो, असं मी तेव्हाही स्वतःला विचारायची आणि अजून विचारते. घरचे हौस म्हणतात. शाळेतल्या सहकारी बाई म्हणतात, तुम्हाला बाई वेळ कसा मिळतो. वेळ मिळत नाही, तो कुणाच्या तरी वाटचा ओरबाडावा लागतो. मुलाच्या, नवऱ्याच्या, झोपेच्या. आणि ओरबाडून आणलेला वेळ घेऊन हॉलवर जावं तर तिथे एकजण वरातीत, एकजण नळावर, आणि एकजण मासळीची सुसर करायला निघालेला. असल्या माणसांच्या मदतीनं काही सुंदर करता येईल असं वाटणं हाच मुळात वेडेपणा. पण हबीबभाई सुवर्णाच्या मागून पहिल्यांदा आत शिरायचे, अगदी दबक्या पावलांनी, तेव्हा माझ्या दंडावर काटा यायचा. त्या काट्यासाठी मी पुन्हा दुसऱ्या दिवशी जायची.

स्पर्धेचा दिवस आला. सगळे आले, हबीबभाईसुद्धा, आणि चक्क साध्या शर्टात. नारळ फुटला, उदबत्तीचा वास विंगेत पसरला. नाट्यगृह गार होतं आणि शांत होतं. इतकं शांत की मला आत पाऊल टाकल्यापासून चुकल्या-चुकल्यासारखं होत होतं, पण कशामुळे ते कळत नव्हतं. मला वाटलं, धाकधूक असेल.

नाटक चाललं होतं बरं. आमची माणसं सवयीनं ओरडत होती, तेवढं सोडलं तर छान. संतोषनं लय पळवली नाही. शेवटचा प्रसंग आला. मंच अंधारला, सुवर्णावर निळसर उजेड पडला, शांतता झाली.

आणि शांतताच राहिली.

मी विंगेतून तिच्याकडे बघत होते. तिनं श्वास घेतला, ओठ उघडले, मिटले. पुन्हा श्वास घेतला. शब्द विसरली असती तर तिनं आमच्याकडे पाहिलं असतं. ती कुणाकडेच बघत नव्हती. मान किंचित कलती करून ती काहीतरी ऐकायचा प्रयत्न करत होती. भिंतीपलीकडचं काहीतरी. तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. जन्मजात सूर कसला नि काय! दोन महिने ती पोरगी मोटरवरून सूर घेत होती. तिला ठाऊक नव्हतं, मला नव्हतं, कुणालाच नव्हतं. आम्ही जिला शिव्या देत होतो तीच आमचा तानपुरा होती, आणि ती आता तिकडे पुंडलिकनगरात, भिंतीआड राहिली होती.

मी घाईनं पेटीची पांढरी पाच हलकेच दाबली. सुवर्णाच्या कपाळाला आठी पडली. हे ते नव्हतं. काळी चार दाबली. हेही नव्हतं. हबीबभाईंनी क्लॅरिनेट ओठांना लावली होती, पण सांधा किती ओढायचा ते ते रोज तिचं ऐकून ठरवायचे. ते माझ्याकडे बघत होते, मी त्यांच्याकडे. प्रेक्षागृहात कुणीतरी खोकलं. एक खुर्ची वाजली. माझी चाल, सीताफळाच्या चिकट हातांनी सापडलेली, तिथे त्या निळ्या उजेडात मरत होती, आणि मी पेटीसमोर बसून काहीही करू शकत नव्हते.

समोरच्या विंगेत दिगूभाऊ उभे होते. त्यांचा एक हात वर जायला निघालेला मला दिसला, पण तो अर्ध्यावरच थांबला. मग त्यांनी तो हात खाली आणला, मुठीनं तोंड अर्धं झाकलं, डोळे मिटले, आणि...

घूंऽऽऽ.

या माणसाला आरतीसुद्धा सुरात म्हणता येत नाही. तालमीत तो गुणगुणला तरी मी त्याला गप्प करायची. आणि तो तिथे उभा राहून, केसाचाही फरक न पडता, दोन पट्ट्यांच्या बरोब्बर मधला तो सूर लावत होता. दोन महिने तो त्या भिंतीशी भांडला होता. भांडता भांडता ती त्याच्या हाडात उतरली होती. माझ्या शेजारी संतोषनं तोच सूर उचलला. मग नेपथ्यवाल्यांनी, मग रंगभूषा करणाऱ्या बाईंनी, मग मघाशी मेलेल्या बापानं. कुणी कुणाला खूण केली नाही. दोन्ही विंगांमधून मोटर सुरू झाली, हळू, मिटल्या ओठांनी. मीही लावला. शब्दांसाठी नव्हे, चालीसाठीही नव्हे, नुसता एक सूर.

सुवर्णाच्या खांद्यांवरचा ताण सुटलेला मला दिसला. ती गायली. *पाण्याखाली माझं दार.* दोन ओळींनंतर हबीबभाई दबक्या पावलांनी आत आले. गाणं संपेपर्यंत आम्ही कुणी थांबलो नाही, आळीपाळीनं श्वास घेत राहिलो. माझ्या गालांवरून पाणी ओघळत होतं आणि मला ते पुसायचंही सुचत नव्हतं.

बक्षीस मिळालं नाही, हे सांगायला नकोच. परीक्षकांनी मागाहून दिगूभाऊंना बोलावून प्रेमानं सांगितलं की गाणं चांगलं होतं, पण शेवटच्या प्रसंगात ध्वनियंत्रणेत बिघाड होता, सतत काहीतरी घोंघावत होतं, पुढच्या वेळी स्पीकर तपासून घ्या. दिगूभाऊ बाहेर येऊन पायऱ्यांवर बसले. त्यांचा चेहरा लाल झाला होता.

"आमच्या गळ्यांना बिघाड म्हनतो!" ते म्हणाले. "इतक्या मानसांच्या गळ्यांना!"

मला हसू आवरेना. हबीबभाई तर पोट धरून खालच्या पायरीवर बसले. हसता हसता संतोषनं मात्र एक गोष्ट सांगितली. तो पेनड्राइव्ह त्या दिवशी ध्वनिव्यवस्थेला लावलेलाच होता. बासरी तयार होती. दिगूभाऊंनी हात वर केला की बटण दाबायचं, असं ठरलं होतं. आणि हात वर जायला निघाला होता, मी पाहिला होता. तो खाली आला, तोही पाहिला होता.

मी त्यांना विचारलं, "का नाही वाजवलीत?"

"काय म्हाईत ताई," ते बुटाची नाडी सोडून पुन्हा बांधत म्हणाले. "त्या टायमाला सुचलंच नाय."

त्यांना सुचलं होतं. हात अर्ध्यावर कसा थांबला ते मी पाहिलंय. पण या माणसाकडून कधी एखादी गोष्ट सरळ ऐकायला मिळेल ही आशा मी सोडून दिली आहे.

त्यानंतरही सीताफळं येत राहिली, नाटकं होत राहिली. मी दर वर्षी नाही म्हणते आणि दर वर्षी जाते. चाली लावते. काही बऱ्या असतात, काही नसतात. हबीबभाईंच्या बँडला आता कामं कमी, लोकांना डीजे हवा असतो, त्यामुळे ते वेळेवर येतात, आणि ते वेळेवर आलेले बघून मला बरं वाटत नाही. संतोषची लय अजून चढते. बासरीचा विषय पुन्हा निघालेला नाही.

काल संध्याकाळी गेलेच हॉलवर. सीताफळांची पिशवी दाराशीच ठेवलेली होती, माझ्या नावानं. आत सगळे होते, पण काहीतरी विचित्र वाटत होतं. बोललेलं स्पष्ट ऐकू येत होतं. पंख्याची कुरकुर ऐकू येत होती.

"नवी मोटर बसवली सोसायटीनं," दिगूभाऊ म्हणाले. "टाकीच्या आत, पान्यात बुडालेली. आवाजच नाय. आता तुमची चाल काय झकास ऐकू येईल, बघा."

मी भिंतीला तळवा लावून पाहिला. भिंत गार होती, गप्प होती. किती वर्षं आम्ही याची वाट पाहिली होती. मला आनंद व्हायला हवा होता आणि तो होत नव्हता.

नव्या नाटकाची नवी गाणी होती, पण संतोष म्हणाला, सुरुवातीला एकदा ते जुनं होऊन जाऊ द्या, सगळे जमलोच आहोत तर. सुवर्णा उभी राहिली. तिच्या केसांत आता थोडं पांढरं दिसतं. हबीबभाईंनी क्लॅरिनेटचा सांधा जरासा ओढला आणि थांबले. तिनं श्वास घेतला, मान किंचित कलती केली. हॉलमध्ये कसलाच आवाज नव्हता. मी पेटीवर हात ठेवला नाही. ठेवून उपयोग नव्हता, मला ठाऊक होतं.

मग दिगूभाऊंनी हातातली वही खाली ठेवली, डोळे मिटले आणि मोटर सुरू केली.